मदत हवी आहे: वाचनाच्या नोंदी दुसरीकडे कशा हलवाव्यात?

नमस्कार मंडळी,

२०१२ पासून मी वाचलेलं प्रत्येक पुस्तक गुडरीड्स या वाचनाच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर नोंदवत आलोय. आता सगळं स्टोरीग्राफ या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर न्यायचा विचार आहे, मुख्य कारण म्हणजे तिथे पाव आणि अर्ध्या ताऱ्यांतही गुण देता येतात. साडेतीनचं पुस्तक चार म्हणून नोंदवताना मला दर वेळी चुटपुट लागते.

गुडरीड्सच्या 'माय बुक्स'मधून सीएसव्ही फाइल (सगळ्या नोंदींचा साधा तक्ता) उतरवून घेतली. तीत वाचून संपवल्याची तारीख, शेल्फ, परीक्षण, अगदी खाजगी टिपाही आल्या आहेत. पण पुस्तक सुरू केल्याची तारीख नाही, आणि वाचता वाचता 'पान ११२, इथे थांबून परत मागे गेलो' अशा ज्या नोंदी टाकत होतो त्याही नाहीत. माझ्यासाठी खरा ठेवा तोच आहे. परीक्षण पुस्तक संपल्यावर लिहितो, या नोंदी त्या त्या क्षणाच्या आहेत.

या नोंदी एकगठ्ठा काढायचा काही मार्ग आहे का, की एकेक करून उतरवून घ्यायच्या?

दुसरं, त्या फाइलमध्ये बऱ्याच जुन्या पुस्तकांच्या आयएसबीएनचा (पुस्तकाच्या आवृत्तीच्या ओळख क्रमांकाचा) रकाना रिकामा आहे. नव्या ठिकाणी ती भलत्याच आवृत्तीला चिकटतात का? दोन-तीनदा वाचलेल्या पुस्तकांच्या आधीच्या तारखा टिकतात का?

कोणी प्रत्यक्ष हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. तोवर जुनं खातं मी बंद करणार नाही.