मदत हवी आहे: धक्क्याच्या नव्या आराखड्यावर हरकत कशी लिहायची? गुरुवार शेवटचा

गंगथडीकर: नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. आमच्या इथला होड्या लावायचा जुना धक्का पाडून नवा करायलेत, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा आराखडा म्हणे, अन् लोकांचं मत मागवलंय. मीटिंग झाली, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली, मरिना मरिना (म्हणजे हौशी बोटी लावायचा तळ) करत दोन तास गेले, आम्ही चहा पिऊन घरी. आता म्हणायलेत काय ते लेखी द्या. कोणाकडं नमुना असेल तर टाका ना.

गोट्या_परभणी: मरिना तर समुद्रावर असतो ना भाऊ? आपल्याकडं कुठला?

गंगथडीकर: जायकवाडी हो. बोटी अजून कुठं चालतात आपल्याकडं.

रिटायर्ड_जेई: नोटीस कोणत्या खात्याची? तुम्ही गाळपेरवाले (पाणी ओसरल्यावर धरणाच्या गाळात पेरणारे), होडीवाले, की नुसते रहिवासी? हे न सांगता नमुना कसा द्यायचा?

माहितीचा_अधिकार: आरटीआय टाका. दहा रुपयांचं काम. सगळी फाइल बाहेर येते, मी आमच्या रस्त्याची काढली होती.

रिटायर्ड_जेई: अहो उत्तराला ३० दिवस असतात, यांचा गुरुवार शेवटचा. प्रत्येक धाग्यात आरटीआय!

माहितीचा_अधिकार: खात्यात आयुष्य काढलेल्यांना आरटीआय टोचणारच.

पक्षीवेडा: माझ्या मते धक्काच नको. १९८६ पासून अभयारण्य आहे, २०१७ ला इको-सेन्सिटिव्ह झोन झाला, हिवाळ्यात रोहित येतात अन् तुम्ही मोटरबोटी फिरवणार. आराखड्यात वनखात्याची परवानगी दाखवली का ते विचारा आधी.

गंगथडीकर: दादा आम्ही मासे धरणारे, वल्ह्याच्या होड्या आमच्या, पक्षी आमच्या शेजारीच बसतात. खात्याचं नाव इथं नको, उद्या त्यांच्याच दारात जायचंय. धक्क्याचे दगड निखळलेत, कड्या गंजल्यात, मागच्या साली एक पोरगं घसरून पडता पडता वाचलं, तेव्हा नवा करा हेच म्हणणं आहे. पण चित्रात कॅफे आहे, सेल्फी पॉइंट आहे, आमच्या होड्या कुठंच नाहीत.

लातूरकर: धक्का करून काय उपयोग, पाणी तर वर नाशिक-नगरला अडवायलेत. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के नसलं की वरून सोडायचं असं २०१४ ला ठरलं, तरी दरवर्षी कोर्टकचेरी.

गोट्या_परभणी: आम्हाला तर टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, पाणीच येत नाही.

रिटायर्ड_जेई: तो वेगळा विषय, वेगळा धागा काढा. गंगथडीकर, नकाशात पाण्याची रेषा कुठल्या पातळीची धरलीय? कोपऱ्यात बारीक अक्षरात असते, झूम करून बघा.

गंगथडीकर: १५२२ फूट लिहिलंय.

रिटायर्ड_जेई: मग तीच हरकत. १५२२ म्हणजे धरण काठोकाठ भरलेलं. आपलं धरण पसरट, चार-पाच फूट उतरलं की काठ लांब पळतो. उन्हाळ्यात तिथं काय असतं?

गंगथडीकर: बरोबर की हो! मे महिन्यात तिथं गाळपेरीचे वाफे असतात, पाणी पार लांब, आमच्या जुन्या गावाच्या भिंती उघड्या पडतात. होड्या खांद्यावर न्यायच्या का मग? हे मीटिंगला कोणालाच सुचलं नाही, मला पण.

रिटायर्ड_जेई: दोन पानं लिहू नका, कोणी वाचत नाही. विषय, नोटिशीचा जावक क्रमांक, तुमच्या होड्या किती अन् किती वर्षांपासून, मग मागण्या: पाण्याबरोबर खालीवर होणारा तरंगता धक्का, होड्यांना राखीव जागा, काम चालू असताना पर्यायी उतार. उन्हाळ्यातला जुना फोटो असेल तर जोडा. दोन प्रती, एकीवर आवकचा शिक्का घ्या, शिक्क्याशिवाय उठू नका. सह्या होडीवाल्यांच्या घ्या, पुढाऱ्यांच्या नको.

पक्षीवेडा: अन् मोटरबोट नको हे पण लिहा.

गंगथडीकर: लिहितो दादा, त्यांच्या लाटेनं आमची जाळी पण तुटतात. फोटो चुलत्याच्या मोबाइलमध्ये आहे, तो लग्नाला जालन्याला गेलाय, रात्री येतो म्हणला.

गोट्या_परभणी: बरं ते पैठणच्या बागेतलं कारंजं चालू आहे का सध्या? रविवारी पोरं घेऊन यायचं म्हणतोय.