डब्ल्यूएनबीए खेळाडूचं वर्षभराचं गणित कसं जमतं?

प्रश्न
डब्ल्यूएनबीए, म्हणजे अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिच्या २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ क्रमाने नव्या खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) पहिली निवड झालेल्या केटलिन क्लार्कचा पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर! मैदानं तुडुंब भरवणाऱ्या खेळाडूला एवढेच? मग बाकीच्यांचं कसं भागतं? २०२५ च्या हंगामापर्यंतचा हिशेब कुणी उलगडून सांगेल का?

प्रतिसाद १
आकडा बरोबर आहे. नवोदितांच्या पगारात घासाघीस नसते, ड्राफ्टमधल्या क्रमांकाप्रमाणे तक्ताच ठरलेला असतो. मूळ कराराप्रमाणे क्लार्कचे चार वर्षांचे मिळून ३,३८,०५६ डॉलर होत होते, त्यातही चौथं वर्ष संघाच्या मर्जीवर.

खरी मेख पगारमर्यादेत, म्हणजे संघातल्या सगळ्यांच्या पगारांच्या बेरजेवरच्या मर्यादेत होती. २०२५ मध्ये ती संघामागे १५,०७,१०० डॉलर होती. पुरुषांच्या एनबीए लीगमध्ये कर भरून मर्यादा ओलांडता येते, इथे ती सोय नव्हती. त्या वर्षीचा कमाल पगार २,४९,२४४. दोघींना तो दिला की उरतात १०,०८,६१२, आणि त्यात दहा जणी बसवायच्या. म्हणून बरेच संघ बाराऐवजी अकराच खेळाडू ठेवायचे. किमान पगाराचे ६६,०७९ तरी वाचायचे. ही बारावी जागा गेली की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतल्या मुलींची वाट बंद व्हायची. ड्राफ्टमध्ये नाव आलं तरी सराव शिबिरातून वगळलं, तर तक्त्यातला पगार हाती पडत नाही.

प्रतिसाद २
वर्षानुवर्षं भागलं ते परदेशी क्लबांवर. येकातेरिनबर्गच्या रशियन क्लबने पैसे मोजून विश्रांती घ्यायला लावली, म्हणून डायना टॉरासीने २०१५ चा अख्खा डब्ल्यूएनबीए हंगाम सोडला. पण बाराही महिने खेळलं की शरीर कधी ना कधी दगा देतं. एप्रिल २०१९ मध्ये युरोलीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्रियाना स्टुअर्टचा टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला आणि पुढचा सगळा डब्ल्यूएनबीए हंगाम बुडाला.

परदेशी करारात शेवटची तारीख आधी बघायची. २०२४ आणि २०२५ मध्ये डब्ल्यूएनबीएत दोन वर्षांहून जास्त सेवा झालेली खेळाडू संघाच्या सराव शिबिराला वेळेत पोचली नाही, तर पूर्ण हंगामासाठी निलंबन. तिकडची बाद फेरी लांबली की इकडचं वर्ष हातचं जायचं, आणि हे फार कठोर होतं.

प्रतिसाद ३
त्यावरचा उतारा म्हणजे अनरायव्हल्ड: नफीसा कॉलियर आणि स्टुअर्ट या खेळाडूंनीच उभारलेली, जानेवारी २०२५ मध्ये मायामीत सुरू झालेली तीन विरुद्ध तीनची लीग. पहिल्या हंगामात तिथला सरासरी पगार २,२०,००० डॉलरच्या वर, शिवाय खेळाडूंना मालकीत वाटा.

जाहिरातींचं म्हणाल तर क्लार्कच्या नाइकी कराराचा बातम्यांमधला आकडा आठ वर्षांचे २.८ कोटी डॉलर. असं नशीब हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांचंच.

आणि कर विसरू नका. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, पण डलासची खेळाडू लॉस एंजेलिसला खेळायला गेली की तिथल्या कामाच्या दिवसांपुरत्या पगारावर कॅलिफोर्निया कर लावतं. प्रवासाच्या नि सरावाच्या तारखा हंगामभर लिहून ठेवलेल्या बऱ्या. विवरणपत्र भरताना राज्यागणिक दिवस मोजावे लागतात.