कोड आणि नुस्त्याचा काही संबंध नाही

ताई, मुलीच्या ओठाजवळ कोड दिसल्यापासून सासूबाईंनी तिचं नुस्तं, म्हणजे मासे, आणि दूध बंद केलंय, असं तुम्ही लिहिलंत. कृपा करून ते पुन्हा सुरू करा. माशावर दूध प्यायल्याने कोड होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते, म्हणून डाग पांढरा पडतो. तो स्पर्शाने पसरत नाही. कुष्ठरोगही नव्हे, कुष्ठाचा चट्टा बधिर होतो, कोडाचा नाही.

माझ्या बहिणीला 14व्या वर्षी कपाळावर, नेमका टिकलीच्या जागी डाग आला. फोंड्यात 2 वर्षं आम्ही नुसते लेप लावले, याचं मला अजून वाईट वाटतं. काही टिकल्यांच्या गोंदातलं पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल रंगपेशी मारतं, हे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्यावर कळलं. टिकली बंद केली, प्रतिकारशक्तीचा हल्ला शमवणारं टॅक्रोलिमस मलम आणि आठवड्यातून दोनदा नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे 311 नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश, सुरू झाला. रंग केसांच्या मुळांपासून ठिपक्याठिपक्यांनी परतला, पण कित्येक महिने लागले. चेहऱ्याला गुण लवकर येतो, बोटांच्या टोकांना फार उशिरा. डागातले केसच पांढरे झाले तर काम अवघड होतं, म्हणून थांबू नका.

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, त्वचारोग विभाग आहे. थायरॉइडची तपासणी सांगितली तर करून घ्या. आणि गणपतीच्या चवथीला पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत बसवू नका. माझ्या बहिणीला डागापेक्षा तेच जास्त लागलं होतं.