पहिल्या आवृत्तीच्या प्रती किती छापाव्यात?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार. अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनाची कामे मी अनेक वर्षे करत असून आता स्वतःची लहानशी प्रकाशनसंस्था सुरू करण्याचे ठरवले आहे. पहिले पुस्तक कोल्हापुरातील तालमींच्या इतिहासावरचे, डेमी आकारातले, १६० पानांचे आहे आणि किंमत २५० रुपये ठेवायची आहे. मुद्रकांच्या हिशेबाने हजार प्रती छापल्यास प्रतीमागे ६० रुपये पडतात आणि तीनशे छापल्यास ९०. वितरक ४० टक्के कमिशन मागतात, तेही उधारीवर. हजारच छापाव्यात असा मोह होतो आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. लेखकांशी करार कसा करावा, हेही सांगावे.

उत्तर १

मुद्रकांचे गणित खरे आहे, पण ते त्यांच्या बाजूचे आहे. १६० पाने म्हणजे १६ पानी दहा फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पाने म्हणजे एक फॉर्म). त्यांच्या प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च प्रती कितीही काढल्या तरी तेवढाच येतो, म्हणून प्रती वाढल्या की प्रतीमागचा दर उतरतो. आपण मात्र किती प्रती विकल्यावर पैसे मोकळे होतात, हे पाहावे. कमिशन वजा जाता १५० रुपये उरतात, त्यातून लेखकाचे १० टक्के मानधन, म्हणजे २५ रुपये, काढल्यावर हाती १२५ राहतात. हजार प्रतींचे ६०,००० रुपये सुटायला ४८० प्रती खपाव्या लागतील, तर तीनशे प्रतींचे २७,००० रुपये २१६ प्रतींतच सुटतात. शिवाय वितरकाकडून न विकलेल्या प्रती परत येतात, आणि त्या कोपरे दुमडलेल्या, मुखपृष्ठ चरे पडलेल्या असतात, हे धरूनच चालावे.

आपला विषय तालमींचा असल्याने मी वितरकाच्या आधी पेठांत जाईन. थेट विक्रीत २० टक्के सवलत दिली तरी मानधन वजा जाता १७५ रुपये उरतात आणि १५५ प्रतींतच तीनशे प्रतींचा छपाईखर्च निघतो. मागणी आल्यास आणखी तीनशे छापता येतील. साठा कुठे ठेवणार, याचाही विचार व्हावा. २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिलेच आहेत. पूर न येताही तळमजल्यावरचा कागद पावसाळ्यात दमट होतो आणि पुस्तके वाकतात.

उत्तर २

कराराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ओळखीपाळखीत तो तोंडीच राहतो. प्रताधिकार कायद्याच्या १९ व्या कलमानुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच वैध ठरते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. त्यातही महत्त्वाचे म्हणजे, मिळालेले हक्क प्रकाशकाने एका वर्षात वापरले नाहीत आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर ते हक्क आपोआप संपुष्टात येतात. ई-बुक, श्राव्य पुस्तक आणि अनुवाद यांचा स्वतंत्र उल्लेख करावा. मानधन छापील किमतीवर की प्रत्यक्ष आलेल्या रकमेवर, हे स्पष्ट नसेल तर दुसऱ्या वर्षीच वाद होतो, असा माझा तरी अनुभव आहे.

छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ही वरवर सवलत वाटते. पण त्यामुळे कागद आणि छपाईवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही आणि तो खर्चातच धरावा लागतो. मानधनावरचा जीएसटी, लेखकाने स्वतः भरण्याचा पर्याय घेतला नसेल तर, रिव्हर्स चार्जने, म्हणजे देणाऱ्याऐवजी सेवा घेणाऱ्याने कर भरण्याच्या पद्धतीने, प्रकाशकाकडे येतो. याबाबत आपल्या सीएंशी आधीच बोलावे.

उत्तर ३

ग्रंथालयांना विसरू नये. देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानात झाला आणि करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासून आहे. अशा गावात स्थानिक इतिहासाला वाचक नाही, हे मला पटत नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, विनाशुल्क मिळतो. प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईची एशियाटिक सोसायटी, चेन्नईचे कोन्नेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी येथे प्रती पाठवणे १९५४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. सुट्या प्रतींसाठी टपाल खात्याची मे २०२५ पासूनची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा पाहावी. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून दर आहेत, त्यावर कर वेगळा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. तीनशेच प्रती छापतो. मानधन छापील किमतीवर धरून कराराचा मसुदा या आठवड्यात लेखकांना देईन आणि वितरकाकडे सुरुवातीला पन्नासच प्रती ठेवीन.