महामार्गाच्या कामात ओढ्यांतील मासे आणि इतर जलचर यांचे रक्षण कसे करावे?

प्रश्न

आमच्या चौपदरी महामार्गाच्या आखणीत अनेक लहान ओढे आणि एक बारमाही नदी आडवी येते. ओढ्यांवर मोऱ्या आणि नदीवर पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) पायाचा पूल असे नियोजन आहे. पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात जलचरांविषयी एकच वाक्य आहे, ते म्हणजे कंत्राटदाराने त्यांना इजा होणार नाही याची दक्षता घ्यावी. ही दक्षता म्हणजे प्रत्यक्ष कोणती कृती, ती कोणी आणि कधी करायची, याचा उल्लेख कोठेही नाही. साइटवरील पर्यावरण देखरेख आता माझ्याकडे आली आहे आणि माझे शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचे आहे. मोरीच्या पायासाठी प्रवाह वळवून पाणी उपसले जाते तेव्हा त्या पट्ट्यातील माशांचे काय करावे, पाण्यात गाळ किती चालतो आणि सर्वांत आधी कशाकडे लक्ष द्यावे, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

उत्तर : मत्स्य-अभ्यासक

सर्वांत आधी कामाच्या वेळापत्रकाकडे लक्ष द्यावे. ओढ्यातील अनेक मासे तळाच्या खडी-गोट्यांमध्ये अंडी घालतात आणि त्या गोट्यांच्या फटींतून वाहणारे पाणी अंड्यांना प्राणवायू पोचवते. बारीक गाळ बसला की फटी बुजतात आणि अंडी गुदमरतात. वरचे पाणी काही दिवसांत नितळ दिसू लागले तरी फटींतील गाळ पुढचा मोठा पूर येईपर्यंत तसाच राहू शकतो. मोठा मासा गढूळ पाण्यापासून दूर जाऊ शकतो. अंडे, नुकते फुटलेले पिल्लू आणि शिंपला यांना ती सोय नाही. म्हणून आपल्या ओढ्यांत कोणत्या जाती आहेत आणि त्या केव्हा विणतात, हे जाणकाराकडून पाहणी करून आधी लिहून घ्यावे आणि प्रवाहातील सर्व कामे विणीच्या व पिल्लांच्या काळाबाहेर बसवावीत.

गाळ किती चालतो, याचे एकाच आकड्यात उत्तर देता येत नाही, कारण इजा गाळाच्या प्रमाणावर जितकी अवलंबून असते तितकीच तो किती वेळ टिकतो यावरही असते. व्यवहारात कामाच्या जागेच्या वर आणि खाली एकाच वेळी गढूळपणा मोजावा. वरचे पाणी नितळ आणि खालचे गढूळ असेल तर तो गाळ आपल्या कामाचा आहे, असे समजून काम थांबवावे आणि त्याचे उगमस्थान शोधावे.

उपशापूर्वी मासे हलवण्याचे काम घाईने केले तर तेच प्राणघातक ठरते. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना तळापर्यंत टेकणारी बारीक जाळी लावावी, म्हणजे बाहेरचे मासे आत येत नाहीत. नंतर पाणी हळूहळू उतरवावे. एकदम उतरवल्यास मासे कडेच्या डबक्यांत आणि दगडांखाली अडकतात. पकड सकाळच्या गार वेळी करावी, कारण पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना साडेसातच. पकडलेले मासे सावलीत, हवा सोडलेल्या टबांत ठेवावेत आणि मोठे व लहान वेगळे करावेत, नाही तर मोठे मासे लहानांना खातात. विजेचा सौम्य झटका देऊन पकडण्याची पद्धत केवळ प्रशिक्षित माणसांनीच वापरावी. चिखलात पुरून राहणारे वाम आणि मुऱ्यांसारखे मासे सर्वांत शेवटी वर येतात, म्हणून पाणी संपले की काम संपले असे मानू नये. तळ हाताने चाचपून पाहावा. शिंपले, खेकडे आणि बेडकांची पिल्ले यांनाही त्याच फेरीत उचलावे.

या सर्वांना त्याच प्रवाहात, कामाच्या प्रभावाबाहेर, तशाच तळाच्या जागी सोडावे. दुसऱ्या खोऱ्यात कधीही सोडू नये, कारण त्यांच्याबरोबर रोग आणि परक्या जाती जातात. याच कारणासाठी एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाताना जाळी, बूट आणि पंप धुऊन पूर्ण वाळवावेत. पंपाच्या तोंडाला दोन-तीन मिलिमीटरच्या छिद्रांची मोठ्या क्षेत्रफळाची जाळी असावी. क्षेत्रफळ लहान असले तर ओढ इतकी वाढते की पिल्ले जाळीलाच चिकटून मरतात.

उत्तर : महामार्ग बांधकामातील अभियंता

वरील मार्गदर्शन मोलाचे आहे. मात्र माझ्या अनुभवात ओढ्यात येणारा बहुतांश गाळ प्रवाहातील खोदाईतून येत नाही. तो डोंगरकाप, भराव आणि साइटवरील कच्च्या रस्त्यांवरून येतो, आणि तोही पहिल्या जोरदार पावसात. म्हणून रस्त्याचा संपूर्ण पट्टा एकाच वेळी उघडा करू नये. जेवढा भाग पुढील काही आठवड्यांत पूर्ण होणार असेल तेवढाच साफ करावा. वरून येणारे स्वच्छ पाणी चर काढून उघड्या मातीपासून दूर न्यावे. गढूळ पाण्याचे प्रमाण कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. गाळ-रोधक कापडी कुंपण समपातळी रेषेवर, खालची कड मातीत गाडून लावावे आणि ते वाहत्या ओढ्यात आडवे कधीही लावू नये, कारण ते तेथे टिकत नाही. भरावाचा उतार पूर्ण होताच त्यावर काथ्याची जाळी किंवा पेंढा अंथरून गवत लावावे.

या सर्व बाबी निविदेच्या परिमाण-पत्रकात (कामांच्या बाबी, मोजमाप व दर यांच्या यादीत) स्वतंत्रपणे असायला हव्यात. गाळ-कुंड बांधणे आणि प्रत्येक पावसानंतर ते उपसणे यांचे वेगळे मोजमाप व देयक नसेल, तर कंत्राटदार ते पहिल्यांदा बांधील आणि नंतर भरून वाहू देईल. प्रश्नकर्त्यांनी सर्वांत आधी तेथे बदल करून घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवतो.

ताज्या काँक्रीटविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्याकडे फार दुर्लक्ष होते. ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीट वाहून आणणारा ट्रक) धुतलेल्या पाण्याचा सामू (pH) १२च्या आसपास, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असतो. लहान ओढ्यात असे पाणी गेले तर माशांचे कल्ले आणि त्वचा भाजते. शिवाय सामू वाढला की पाण्यात आधीपासून असलेल्या अमोनियम क्षाराचे विषारी अमोनियात रूपांतर होते. धुण्यासाठी प्रवाहापासून दूर, अस्तर केलेला खड्डा असावा आणि पाण्याच्या पातळीखालील काँक्रीट पुरेसे घट्ट होईपर्यंत वळवलेला प्रवाह परत आणू नये. डिझेल भरणे आणि यंत्रांची दुरुस्तीही काठापासून किमान ३० मीटर दूर असावी.

डोंगरकापात कोणता खडक निघणार आहे, हेही भूवैज्ञानिकाला विचारावे. अमेरिकेतील ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात १९६३मध्ये रस्त्याची पुनर्बांधणी करताना पायराइट (लोह व गंधकाचे खनिज) असलेला खडक उघडा पडला आणि तोच भरावासाठी वापरला गेला. हवा आणि पाणी लागताच पायराइटपासून सल्फ्युरिक आम्ल तयार होते. त्या आम्लाने आणि त्याबरोबर विरघळलेल्या धातूंनी रस्त्याखालच्या ओढ्यातील ट्राउट मासे नाहीसे केले. तेथे गाळ अडवून काहीही साधले नसते. असा खडक आधीच ओळखून भरावापासून दूर ठेवावा लागतो.

उत्तर : जलप्रवाह व मोरी आरेखन करणारे

दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरी माझा अग्रक्रम वेगळा आहे. बांधकामाचा गाळ काही वर्षांत धुऊन जातो, पण चुकीची मोरी पन्नास वर्षे तेथेच राहते. अरुंद पाइप मोरीत पाण्याचा वेग वाढतो, तळ गुळगुळीत असल्याने माशाला मध्ये विसावा घेता येत नाही, आणि खालच्या टोकाला तळ खणला जाऊन मोरी हवेत लोंबू लागते. विणीसाठी वर जाणाऱ्या माशांना ही लहानशी पायरीही धरणासारखी अडवते. त्याचा फटका शिंपल्यांनाही बसतो, कारण गोड्या पाण्यातील बहुतेक शिंपल्यांच्या अळ्या काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात आणि माशांबरोबरच वर पसरतात.

म्हणून मोरी केवळ पुराच्या विसर्गावर न बेतता ओढ्याच्या काठोकाठ रुंदीवर, म्हणजे पाणी दोन्ही काठांपर्यंत भरून वाहते तेव्हाच्या रुंदीवर बेतावी. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील प्रवाहसदृश मोरीच्या पद्धतीत आतील तळाची रुंदी ही काठोकाठ रुंदीच्या १.२ पटीत आणखी दोन फूट मिळवून धरली जाते आणि मोरीचा तळ नैसर्गिक पातळीखाली बसवून आत ओढ्याचाच दगडगोटा भरला जातो. त्याच राज्यात माशांना अडवणाऱ्या मोऱ्यांवरून आदिवासी जमातींनी २००१मध्ये न्यायालयात दाद मागितली. २०१८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मते समसमान पडल्याने खालच्या न्यायालयाचा आदेश कायम राहिला आणि राज्याला अशा शेकडो मोऱ्या बदलणे भाग पडले.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या बॉक्स मोऱ्यांचे आरेखन मंजूर झाले आहे. तरीही तळपातळी खाली घेण्याची सूचना मी लेखी पाठवतो. नदीतील पाइल ठोकण्याने माशांना इजा होते का, हेही कृपया सांगावे.

उत्तर : जलप्रवाह व मोरी आरेखन करणारे

होते. घणाच्या प्रत्येक ठोक्याने पाण्यात दाबाची लाट उठते आणि ज्या माशांना वाताशय (तरंगण्यासाठी पोटात असलेली हवेची पिशवी) असतो त्यांचा तो आकसून-फुगून फाटू शकतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २००८पासून वापरल्या जाणाऱ्या अंतरिम निकषांत ठोक्याच्या ध्वनीचा उच्चांक २०६ डेसिबल आणि दिवसभराची साचलेली ध्वनिमात्रा १८७ डेसिबल धरली आहे. दोन ग्रॅमहून लहान माशांसाठी ती १८३ आहे. पाण्यातील डेसिबल हवेतील डेसिबलशी थेट ताडून पाहू नयेत, कारण त्यांचा संदर्भदाब वेगळा असतो. शक्य असेल तेथे ठोकण्याऐवजी कोरून पाइल घ्यावेत. ठोकणे अटळ असेल तर पाइलभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडावा, आरंभी हलके ठोके द्यावेत आणि रात्री काम बंद ठेवून माशांना जाण्या-येण्यासाठी शांत वेळ द्यावा.

पुलाच्या पृष्ठभागावरील पाण्याच्या नळ्या सरळ नदीत सोडल्या असतील तर तेवढे आताच बदलून घ्यावे. टायरमधील एका रसायनापासून तयार होणारे ६पीपीडी-क्विनोन कोहो सामन माशांना अत्यल्प प्रमाणातही मारते, हे २०२०मध्ये उघड झाले, आणि रस्त्यावरचे पाणी माती व झाडोऱ्याच्या थरातून झिरपवल्यास त्या माशांचे मृत्यू टळतात, असेही प्रयोगांत दिसले आहे. पुलाच्या दोन्ही टोकांना अशा झिरप-खड्ड्यांसाठी जागा राखायची असेल, तर ती भूसंपादनाच्या नकाशातच दाखवावी लागेल.