फ्रँकफर्ट संप्रदायात, म्हणजे फ्रँकफर्टच्या समाजसंशोधन संस्थेभोवती जमलेल्या विचारवंतांच्या गटात, तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्र यांचा सांधा प्रत्यक्षात कसा जुळला? (‘वाटसरू’, ‘तळटीप’ आणि ‘उंबरठा’ या टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

वाटसरू :
तत्त्वज्ञ मॅक्स होर्कहायमर यांनी जानेवारी १९३१मध्ये फ्रँकफर्टच्या समाजसंशोधन संस्थेची सूत्रे घेताना दिलेल्या व्याख्यानात तत्त्वज्ञ, समाजशास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ, इतिहासकार आणि मानसशास्त्रज्ञ यांनी कायमस्वरूपी एकत्र काम करावे, अशी मांडणी केली. तत्त्वज्ञानाने प्रश्न पुरवावेत आणि संशोधनातून हाती आलेल्या तथ्यांनी ते प्रश्न बदलून टाकावेत, हा त्यातला मुख्य विचार. घोषणा म्हणून हे उत्तमच आहे, पण तसे कुठे घडले का?

तळटीप :
घडले, आणि त्याची सुरुवात या व्याख्यानाआधीच झाली होती. संस्थेतले मनोविश्लेषक एरिक फ्रॉम यांनी हिल्डे वाइस यांच्या साहाय्याने १९२९मध्ये जर्मन कामगार आणि नोकरदार यांची पाहणी हाती घेतली. २७१ प्रश्नांची प्रश्नावली सुमारे ३३०० लोकांना दिली गेली आणि १९३१अखेर सुमारे ११०० भरून परत आल्या. पक्ष कोणता, हे विचारून ते थांबले नाहीत. मुलांना अजिबात न मारता वाढवता येते का, विवाहित स्त्रीने नोकरी करावी का, असेही त्यांनी विचारले, उत्तरे कामगारांच्याच शब्दांत उतरवून घेतली आणि मनोविश्लेषक रुग्णाचे बोलणे ऐकतो त्या कानाने ती वाचली. क्रांतीचा वाहक मानलेला वर्ग घरात अधिकारशाहीच जपत असेल, तर केवळ आर्थिक स्थितीवरून राजकीय वर्तनाचे भाकीत करणाऱ्या सिद्धान्ताला मुळातून दुरुस्ती हवी, हे त्यातून पुढे आले. माझ्या मते सांधा इथे खरोखर जुळलेला दिसतो. (हा अभ्यास पुस्तकरूपाने यायला मात्र १९८० उजाडले!)

उंबरठा :
सहमत, पण तो सांधा टिकला नाही, हेही नोंदवायला हवे. नाझींनी १९३३मध्ये संस्था बंद पाडली आणि जिनिव्हामार्गे ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या आश्रयाला गेली. पुढे १९३७च्या निबंधात होर्कहायमर यांनी पारंपरिक सिद्धान्त (तथ्ये आहेत तशी गृहीत धरणारा) आणि चिकित्सक सिद्धान्त (ती समाजाने कशी घडवली, हे विचारणारा) यांत भेद केला. पाहिली जाणारी वस्तू आणि पाहणारी इंद्रिये, दोन्ही समाज आणि इतिहास यांनी घडवलेली असतात, असे त्यांचे म्हणणे. मग तथ्य सिद्धान्ताला दुरुस्त करील, ही १९३१मधली भाबडी अपेक्षा उरत नाही. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांच्या अमेरिकेतल्या रेडिओ-संशोधन प्रकल्पात होर्कहायमर यांचे सहकारी तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नो यांचा त्यांच्याशी खटका उडाला तो याच मुद्द्यावर. संगीत आवडले की नाही, हे बटण दाबून नोंदवण्याची सोय तिथे होती. ती आवड बाजाराने कशी घडवली, हा अडोर्नो यांचा प्रश्न त्या यंत्रात कुठे बसणार?

तळटीप :
मात्र ‘टिकला नाही’ हा निवाडा मला घाईचा वाटतो. त्याच अडोर्नो यांनी बर्कलीच्या मानसशास्त्रज्ञांसह अधिकारशाही व्यक्तिमत्त्वाचा १९५०चा ग्रंथ सिद्ध केला आणि त्यात लोकांच्या वृत्ती आकड्यांत मोजणाऱ्या मोजपट्ट्याही वापरल्या. त्यांची तक्रार मोजण्याविषयी सरसकट नव्हती. काय मोजायचे, हे ठरवण्याची जबाबदारी सिद्धान्ताकडे राहावी, एवढाच त्यांचा आग्रह होता.