सोसायटी चित्रकार ग्रुप : निसर्गचित्र जागेवर बसून की फोटोवरून?

ए-२०३ (प्रदर्शन समिती)
नमस्कार मंडळी. हॉलमधल्या प्रदर्शनासाठी प्रत्येक चित्राखाली एक चिठ्ठी लावायची आहे. नुसतं माध्यम आणि माप नको. तुम्ही चित्रकलेकडे कसे वळलात, कोणाचं काम पाहून हात शिवशिवले आणि हे निसर्गचित्र कसं घडलं, ते इथेच सविस्तर लिहा. त्यातून मी चिठ्ठ्या करते. लाजू नका, लांबलं तरी चालेल.

बी-५०१
मी सुरुवात करतो. माझं शिक्षण कलाशाळेत झालेलं नाही. मिसरूड फुटायच्या आधीच सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्या उस्तादांच्या हाताखाली लागलो. ते फोटोवर चौकटी आखायचे, तशाच मोठ्या चौकटी भिंतीएवढ्या कापडावर आखायचे, आणि आम्ही पोरं एकेक चौकट बघून रंग भरायचो. जवळून नुसते फटकारे दिसायचे. रस्ता ओलांडून पलीकडे गेलं की चेहरा उभा राहायचा. उस्ताद दर थोड्या वेळाने आम्हाला पलीकडे पिटाळायचे. लांबून रेघ दिसत नाही, उजेड आणि अंधार कुठे आहे तेवढंच दिसतं, हे तिथे डोळ्यांत बसलं.
पुढे फ्लेक्स आलं आणि ते काम थांबलं. ब्रश लहान झाले, मी झाडं-डोंगर-पाणी रंगवू लागलो. प्रदर्शनातलं तळ्याचं चित्र जागेवर बसून केलंय. आधी सगळ्या कागदावर तीनच टोन टाकले: आकाश उजळ, पाणी मधलं, काठाची झाडी गडद. ते तीन जमले तेव्हा चित्र निम्मं झालं होतं. पानं, फांद्या, पाण्यातल्या रेषा हे सगळं नंतरचं.

सी-१०४
काका, फार छान लिहिलंत. मी ड्रॉइंग शिकवते. वर्गात मुलांना डोळे किलकिले करून बघायला सांगते, ते यासाठीच. बारकावे पुसले जातात आणि मोठे आकार उरतात. अठराव्या शतकात युरोपात चित्रकार आणि हौशी प्रवासी काळसर, किंचित फुगीर आरसा घेऊन फिरायचे. देखाव्याकडे पाठ करून त्या आरशात बघायचे. सगळं दृश्य लहान आणि मंद होऊन थोड्याच टोनमध्ये दिसायचं. क्लोद लोरँ या सतराव्या शतकातल्या निसर्गचित्रकाराच्या नावाने त्याला क्लोद ग्लास म्हणत.
माझी प्रेरणा मात्र कोल्हापूरचे आबालाल रहिमान. मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले, आणि कोल्हापूरच्या परिसरातली पाणी, झाडी, देवळं रंगवत राहिले. त्यांच्या जलरंगातली हवा बघा. लांबच्या झाडांवर जो दमट पडदा असतो, तो त्यांनी पांढरा रंग न लिंपता, नुसत्या पातळ वॉशने, म्हणजे भरपूर पाण्यात कालवलेल्या रंगाच्या थराने आणलाय. मी विद्यार्थिनी असताना तसा वॉश टाकायचा ध्यास घेतला होता, तो अजून सुटलेला नाही.

बी-३०३
मी कॉलेजला आहे. माझं डोंगररांगांचं चित्र प्रदर्शनात आहे. ते मी फोटोवरून केलंय. चिठ्ठीत तसं लिहिलं तर चालेल ना?

ए-६०२
जरूर लिहावं. पण माझं मत स्पष्ट सांगतो. फोटोवरून केलेल्या चित्राला मी निसर्गचित्र म्हणणार नाही, ते फोटोचं चित्र झालं.
मी इंजिनिअर होतो, निवृत्तीनंतर जलरंग हातात घेतले, त्यामुळे कारणं देऊनच बोलतो. फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते. डोळ्यांना जो डोंगर अंगावर आल्यासारखा वाटतो, तो फोटोत टेकडीएवढा होतो आणि पायाजवळचं गवत उगाच मोठं होतं. दुसरं, कॅमेरा आकाश सांभाळतो तेव्हा सावल्या काळ्याठिक्कर होतात. सावल्या सांभाळतो तेव्हा आकाश पांढरं पडतं. हल्लीचे फोन दोन्ही जुळवतात, पण मग सगळंच सपाट होतं. डोळा सावलीत गेला की जुळवून घेतो, तिथे जांभळा, हिरवा, निळा सापडतो. तो रंग फोटोत नसतोच, मग तिथून चित्रात येणार कुठून?
इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांचे अभ्यास केले. पाठीमागे तारीख, वेळ, वारा कुठून होता ते लिहून ठेवायचा. मीही कागदामागे तेच लिहितो. वर्षभराचे कागद शेजारी मांडले की संध्याकाळच्या आकाशाबद्दल जे कळतं, ते हजार फोटो बघून कळणार नाही.

बी-३०३
काका, लेन्सचं म्हणणं पटतं. पण मग व्हॅन गॉगच्या 'तारांकित रात्र' या चित्राचं काय? १८८९ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या इस्पितळात असताना त्यांनी ते दिवसा रंगवलं. खिडकीतून पूर्वेचं आकाश त्यांनी बघितलं होतं, पण कॅनव्हाससमोर उभे होते तेव्हा समोर रात्र नव्हती. चीनमधले चित्रकार गुओ शी अकराव्या शतकात डोंगर फिरून यायचे आणि घरी बसून रंगवायचे. त्यांनी अंतराचे तीन प्रकार सांगितले: पायथ्यापासून वर बघण्याचं, पुढच्या डोंगराआडून मागच्यांत शिरण्याचं आणि जवळून लांबवर सपाट पसरत जाणारं. एकाच चित्रात तिन्ही येतात. कुठल्याही एका जागी बसून तसं दिसणारच नाही.
आणि मला ज्यांच्यामुळे चित्रकार व्हावंसं वाटलं ते सय्यद हैदर रझा. वडील वनखात्यात रेंजर, बालपण मध्य प्रदेशातल्या जंगलांत. मुंबईत असताना शहराची जलरंगातली निसर्गचित्रं केली, १९५० मध्ये फ्रान्सला गेले. तिथे राहून त्यांनी जे रंगवलं त्यात लहानपणीच्या जंगलाची रात्र आणि दिवस आहेत. समोर जंगल नव्हतं.
अजून एक. एकटी मुलगी स्टूल टाकून रस्त्याकडेला रंगवत बसली की काय होतं ते मी अनुभवलंय. पाच मिनिटांत घोळका. कोणी प्रश्न विचारतं, कोणी व्हिडिओ काढतं. वॉश ओला असताना मान वर करून उत्तरं देता येत नाहीत. शेवटी सामान गुंडाळून घरी येते आणि फोटो उघडते.

ए-६०२
हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. रझांचं उदाहरणही चांगलं दिलंस. पण रझांनी आधी उघड्यावर बसून कितीतरी जलरंग केले होते, हेही धर. आठवणीतून रंगवायला आठवण साठलेली असावी लागते, आणि फोटो काढून पुढे चालू लागलं की ती साठत नाही.

सी-१०४
दोघांनाही इतिहासातलं एक सांगते. तैलरंगातलं मोठं निसर्गचित्र शतकानुशतकं स्टुडिओतच पूर्ण व्हायचं. बाहेर रेखाटनं, छोटे अभ्यास, आणि मग आत काम. रंग बाहेर नेणंच अवघड होतं, डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत बांधून ठेवायचे, टोचून काढायचे, मग वाळायचे. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने धातूच्या, दाबून रंग काढायच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्यानंतर तैलरंगाची पेटी खांद्याला लावून दिवसभर शेतात उभं राहणं सोपं झालं. म्हणून जागेवरच पूर्ण करायचं हा आग्रह तसा नवा आहे.
आणि बाईने बाहेर काम करण्याचा प्रश्न जुना आहे. फ्रेंच चित्रकार रोझा बोनर घोड्यांच्या बाजारात जाऊन रेखाटनं करायची, तेव्हा पुरुषांचे कपडे घालायला पॅरिसच्या पोलिसांकडून परवाना घ्यावा लागत असे. बेर्थ मोरिसो ही फ्रेंच निसर्गचित्रकार कोरोची विद्यार्थिनी. तिने कितीतरी देखावे बागेतून, बाल्कनीतून रंगवले. इंप्रेशनिस्टांच्या, म्हणजे बदलता उजेड टिपणाऱ्या चित्रकारांच्या, १८७४ च्या पहिल्या प्रदर्शनात ती होती.

सी-७०१
पोरी, मी कधी बाहेर बसून रंगवलं नाही. माझी सगळी निसर्गचित्रं स्वयंपाकघराच्या खिडकीतून आहेत.
मुलांच्या उरलेल्या रंगांनी सुरुवात झाली. शाळेतल्या ड्रॉइंगपलीकडे मला कोणी काही शिकवलेलं नव्हतं. खिडकीतून एक शिरीष दिसायचा आणि त्याच्या मागे लांब टेकडी. दुसरं काही दिसतच नव्हतं, म्हणून तेच काढत राहिले. सकाळी टेकडी निळी, झाड गडद. दुपारी झाडाची सावली आखडते आणि टेकडी फिकट, जवळजवळ राखाडी. संध्याकाळी उन्हाची बाजू नारिंगी झाली की सावली निळी दिसते. मला आधी वाटलं डोळे दगा देतायत. मग मुलीने मोने या फ्रेंच चित्रकाराच्या गवताच्या गंजींची चित्रं दाखवली, १८९०-९१ मधली, पंचवीसच्या आसपास आहेत. त्याच गंजी, पण बर्फात वेगळ्या, पहाटे वेगळ्या. सावल्या निळ्या-जांभळ्या. तो म्हणे शेजारी बरेच कॅनव्हास ठेवायचा आणि उजेड बदलला की पुढचा घ्यायचा. मीही तसंच करायला लागले. सकाळचा बोर्ड वेगळा, संध्याकाळचा वेगळा. सकाळच्यावर संध्याकाळी ब्रश लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी.
सावली निळी का, ते इंजिनिअरसाहेबांनी सांगावं. माझ्यापुरतं एवढंच की ती मी बघितली आहे, म्हणून काळा न वापरता रंगवू शकते. माझ्या पेटीत काळी ट्यूब नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळते. निळा जास्त झाला तर थंड करडा, तपकिरी जास्त झाला तर उबदार.

ए-६०२
आजी, दोन कारणं आहेत. सावलीत थेट ऊन पोचत नाही, वरच्या निळ्या आकाशाचा उजेड मात्र पोचतो, म्हणून ती खरोखरच निळसर असते. आणि नारिंगी शेजारी असला की करडाही निळ्याकडे झुकलेला भासतो. शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने रंगांच्या या शेजारधर्माबद्दल १८३९ मध्ये सविस्तर लिहिलं. तो पॅरिसमधल्या गॉब्लँच्या विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांत आहे हे त्याच्या लक्षात आलं.
टेकडी सकाळी निळी, तेही हवेमुळे. मधल्या हवेचे कण निळा उजेड जास्त विखुरतात, आणि गडद डोंगरावर तो पसरतो. म्हणून लांबच्या हिरव्यात निळा घालावा लागतो आणि गडदपणा काढून घ्यावा लागतो. लिओनार्दोने हे पाचशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.
आणि तुमची खिडकी म्हणजे जागेवरच बसणं झालं. जागेवर म्हणजे डोंगरमाथ्यावरच, असं मी म्हणत नव्हतो.

बी-५०१
पोरीच्या डोंगरांच्या चित्राचा फोटो इथे टाकला होता तो आत्ता मोठा करून बघितला. रचना पक्की आहे, पुढचा कडा कापलाय तो बरोबर जागी. फक्त मागच्या तिन्ही रांगांचा हिरवा एकच आहे. मागे जाताना तो थंड आणि फिका व्हायला हवा. फोटोत तो फरक पुसला गेला असणार. काय सुचवू, हेच चित्र परत कर. फोटो रचनेपुरता ठेव, आणि रंगांसाठी गच्चीवरून लांबच्या टेकडीचे छोटे छोटे चौकोन रंगवून आण. पोस्टकार्डाएवढे. त्यात झाडं काढायची नाहीत, नुसते रंग जुळवायचे.

बी-३०३
हे मला करायचंय काका. गच्चीवर घोळकाही नसतो.

सी-१०४
मग आपण सगळेच रविवारी सकाळी जाऊ या का? सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, त्यामुळे सावल्या दोन तासांत पार बदलतात. सातला बसून नऊला उठायचं. आधी अंगठ्याएवढी तीन-चार रेखाटनं, नुसते टोन, मगच कागद. सावल्यांची जागा पहिल्या दहा मिनिटांत ठरवायची आणि नंतर ती हलवायची नाही.

सी-७०१
मला वर खुर्ची द्या म्हणजे मी येते. उन्हाचा सकाळचा बोर्ड घेऊन येईन.

बी-५०१
खुर्ची मी आणतो आजी. आणि कागद पांढराशुभ्र उन्हात धरू नका, डोळे दिपतात आणि रंग जास्त गडद लागतात. बोर्ड आपल्या सावलीत ठेवा.

ए-२०३ (प्रदर्शन समिती)
तुमची चर्चा वाचून चिठ्ठीत एक ओळ वाढवली आहे: जागेवर, खिडकीतून, फोटोवरून की आठवणीतून. प्रत्येकाने ती भरावी. बघणाऱ्याला ते कळलं तर चित्र बघण्यात मजाच येईल. बाकी मजकूर तुमच्या शब्दांतच ठेवते, कापत नाही.
चित्रं कुठे लावायची तेही ठरवायचं आहे. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत सगळ्यात मोठी आहे, जलरंग तिथे लावू का?

सी-७०१
तिथे नको. संध्याकाळचं ऊन थेट येतं. माझ्या जुन्या चित्रांतला अलिझरिन क्रिमसन हा गडद लाल असाच उडाला, गुलाबी आकाश होतं तिथे आता पिवळट राहिलंय. मुलांनो, ट्यूबवर पीआर ८३ असा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला असेल तर तो रंग उजेडात टिकत नाही. त्याऐवजी क्विनाक्रिडोन लाल घ्या.

ए-६०२
आजींचं बरोबर आहे. पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर काहीच नको, तिथे टेबल मांडा. जलरंग उत्तरेच्या भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये. तैलरंग बाकीच्या भिंतींवर चालतील, पण समोर दिवा नको, काच नसली तरी वार्निश चमकतं. दिवा वरून, तिरका. खिळ्यांची मापं मी शनिवारी घेतो, कोणाच्या फ्रेमला मागे दोरी नसेल तर आजच सांगा.

बी-३०३
माझ्या फ्रेमला नाहीये. आणि ए-२०३ ताई, माझ्या चिठ्ठीत "फोटोवरून" असंच लिहा. दुसरं चित्र झालं तर त्याला वेगळी चिठ्ठी करू.